इंटेल घ्यायचा की एएमडी? आधी कोटेशनवरचं पूर्ण नाव वाचा

गेल्या महिन्यात मामानं व्हॉट्सॲपवर दोन कोटेशनचे फोटो पाठवले. खाली एकच ओळ होती : ‘यातला कुठला घेऊ? तू इंजिनीअर आहेस, सांग.’

मामाचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या डिझाइनचं छोटं काम आहे. जॅकार्डचे नमुने संगणकावर काढायचे आणि कारखानदारांना द्यायचे. जुना संगणक फाइल उघडायलाच चहा पिऊन होईल एवढा वेळ घेत होता. पहिल्या कोटेशनवर लिहिलं होतं, ‘आय७ पीसी, १६ जीबी, ५१२ एसएसडी, मॉनिटरसह २२,०००’. दुसऱ्यावर, ‘रायझन ५ पीसी, १६ जीबी, ५१२ एसएसडी, मॉनिटरसह ४६,०००’. मामाचा हिशेब सरळ होता. सात हा पाचापेक्षा मोठा आणि बावीस हे सेहेचाळीसपेक्षा कमी. मग विचारायचं तरी काय?

मी दोन्ही दुकानांत फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. प्रोसेसरचा पूर्ण मॉडेल नंबर काय? पहिल्या दुकानदाराला तो सांगायला दोन दिवस लागले. उत्तर आलं, आय७-४७७०. म्हणजे २०१३ साली बाजारात आलेला प्रोसेसर.

प्रोसेसरची तुलना करणारे लेख इंटरनेटवर ढिगानं आहेत. पण त्यातले बहुतेक अमेरिकेतल्या गेमरसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे संगणक घेणारे वेगळे. कुणाला टॅली चालवायचं असतं, कुणाला लग्नाचा अल्बम करायचा असतो, कुणाचा मुलगा इंजिनीअरिंगला लागलेला असतो. चाळीस-पन्नास हजार हा त्यांच्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या बचतीचा आकडा असतो. म्हणून हा लेख.

आय७ मोठा की आय३?

आय३, आय५, आय७ हे आकडे एकाच पिढीतला क्रम सांगतात. पिढी कुठली ते पुढच्या आकड्यांत असतं. ४७७० मधला पहिला ४ म्हणजे चौथी पिढी. १२१०० मधले पहिले १२ म्हणजे बारावी. जानेवारी २०२२ मध्ये आलेला आय३-१२१०० हा चार कोअरचा, सगळ्यात खालच्या गटातला प्रोसेसर. तरी पासमार्कसारख्या सार्वजनिक चाचण्यांत तो चौथ्या पिढीच्या आय७-४७७० च्या जवळपास दुप्पट गुण मिळवतो. कोअर दोघांचे चारच आहेत. फरक आहे तो आतल्या रचनेत आणि त्यामुळे एका ठोक्यात होणाऱ्या कामात. (‘कोअर’ म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा माणूस समजा. माणसं तेवढीच असली तरी कसबी कारागीर आणि नवशिका यांचं काम सारखं होत नाही.)

शिवाय दुसरी अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टनं इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचेच प्रोसेसर अधिकृत ठरवले आहेत. चौथ्या पिढीच्या आय७ वर कुणी जुगाड करून विंडोज ११ टाकून देईलही. पण ज्या संगणकावर तुमचं बँकिंग आणि जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, तिथं जुगाड कशाला?

जुना संगणक वाईटच, असं माझं म्हणणं नाही. घरी मुलाला टायपिंग शिकायला, यूट्यूब बघायला तो चालेल. माझा राग आहे तो फक्त ‘आय७ पीसी’ एवढंच लिहिलेल्या कोटेशनवर. भाजीवालासुद्धा वांगी कुठल्या गावची ते सांगतो.

दोन कंपन्या, एक भांडण

इंटेल १९६८ ची, एएमडी १९६९ ची. दोन्ही कॅलिफोर्नियातल्या. आपल्या घरांत मात्र नाव पोचलं ते इंटेलचंच. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि पुढची दहा-पंधरा वर्षं ‘पेंटियम’ हाच प्रोसेसरला मराठी शब्द होता. आमच्या शेजारचे काका आजही विचारतात, ‘पेंटियम कितवा आहे गं तुझा?’

या दबदब्यामागे फक्त चांगला माल नव्हता. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांना सवलती देऊन एएमडीला बाहेर ठेवलं, अशा तक्रारीवर युरोपीय आयोगानं २००९ मध्ये इंटेलला १.०६ अब्ज युरोचा दंड केला होता. तो मूळ दंड पुढे न्यायालयात टिकला नाही. पण त्याच वर्षी इंटेलनं एएमडीला सव्वा अब्ज डॉलर देऊन आपसातले खटले मिटवले.

ग्राहकाच्या खिशाला याचा संबंध काय, ते २०१७ साली दिसलं. त्याआधीची कित्येक वर्षं इंटेलचा सर्वसाधारण डेस्कटॉपमधला सर्वात वरचा आय७ चार कोअरवरच अडकून होता. आठ कोअर हवे असतील तर आय७-६९००के, त्याची किंमत हजार डॉलरच्या वर. मार्च २०१७ मध्ये एएमडीनं आठ कोअरचा रायझन ७ १८००एक्स आणला, ४९९ डॉलरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटेलचा सहा कोअरचा आय७-८७००के आला. इतकी वर्षं न जमलेलं काम सात महिन्यांत जमलं! म्हणून कुणी ‘आम्ही फक्त इंटेलवाले’ किंवा ‘एएमडी म्हणजे एएमडी’ म्हणायला लागलं की मला गंमत वाटते. एकाचा माल स्वस्त झाला तो दुसऱ्यामुळे.

एएमडी गरम होतो, टिकत नाही, मोठ्या कामाला चालत नाही, हे आपल्याकडचं जुनं पालुपद. पुण्यातली दोन उदाहरणं सांगते. पाषाणच्या आयआयटीएमचा हवामानाचा महासंगणक ‘प्रत्युष’ इंटेलच्या झिऑन प्रोसेसरवर उभा राहिला. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’, जो नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा होता, त्यात एएमडीचे एपिक प्रोसेसर आहेत. सरकारी संस्थांनी दोन्ही घेतले. मग आपल्या दुकानातल्या टॅलीला काय धाड भरली आहे?

मग आज पुढे कोण?

मधल्या बजेटमध्ये खरं सांगायचं तर कुणीच फार पुढे नाही. आय५-१२४००एफ आणि रायझन ५ ५६०० ही गेल्या काही वर्षांतली गाजलेली जोडी घ्या. दोन्ही २०२२ मधले, दोन्हीत सहा कोअर आणि बारा थ्रेड. बाजारात येतानाची किंमत पहिल्याची १६७ डॉलरच्या आसपास, दुसऱ्याची १९९ डॉलर. चाचण्यांमध्ये कधी हा चार पावलं पुढे, कधी तो. घड्याळ लावल्याशिवाय तुम्हाला फरक कळणार नाही.

फरक कळतो तो विशिष्ट कामात.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांनी हे नीट वाचा. सोनीसारख्या कंपन्यांचे आजचे कॅमेरे दहा बिटचं ४:२:२ प्रकारचं एच.२६५ चित्रीकरण करतात. रंग सुधारायला ते उत्तम, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर संगणकाला घाम फोडतं. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगचं ग्राफिक्स हा प्रकार थेट उलगडतं. एएमडीच्या अंगच्या ग्राफिक्सला ते येत नाही. अशा कामाला ग्राफिक्स असलेला इंटेल घ्यावा, मित्र काहीही सांगोत. शंभर तासांचं फुटेज हाताळणाऱ्या माणसाचे यात खरोखर दिवस वाचतात.

गेमिंगमध्ये पारडं एएमडीकडे झुकतं. त्यांच्या एक्स३डी प्रकारच्या प्रोसेसरमध्ये कॅश मेमरीचा जादा थर रचलेला असतो. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ही एल३ कॅश ९६ एमबी आहे. गेमला वारंवार लागणारी माहिती प्रोसेसरच्या हाताशीच राहते, रॅमपर्यंत हेलपाटे मारावे लागत नाहीत. पण ज्याच्याकडे ग्राफिक्स कार्ड साधं आहे, त्यानं एक्स३डीवर पैसे घालू नयेत. बैलगाडीला रेसचे टायर लावून काय करणार?

ऑटोकॅड, फोटोशॉप, टॅली ही कामं बहुतांशी एका-दोन कोअरवरच चालतात. तिथं चोवीस कोअरचा प्रोसेसर घेतला तरी बाकीचे कोअर पारावर बसून राहतात. अशा कामाला सहा कोअर, भरपूर रॅम आणि चांगली एसएसडी पुरते. आणि एआय शिकायचं म्हणून भारी प्रोसेसर मागणाऱ्या विद्यार्थ्यांनो, मॉडेल शिकवण्याचं जड काम ग्राफिक्स कार्ड करतं. बाबांचे पैसे तिकडे वळवा.

प्रोसेसरचा भाव आणि गाडीचा भाव

तुलना करताना सगळे प्रोसेसरचा भाव बघतात. बिल मात्र मदरबोर्ड आणि रॅमसकट येतं.

एएमडीचा नवा एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये आला. त्याला फक्त डीडीआर५ रॅम चालते. जुन्या एएम४ ला डीडीआर४. इंटेलच्या बारा ते चौदाव्या पिढीला, म्हणजे एलजीए१७०० सॉकेटला, बोर्डनुसार दोन्हींपैकी एक. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० ला पुन्हा वेगळा सॉकेट आणि पुन्हा फक्त डीडीआर५. रायझन ५ ७६०० बाजारात आला २२९ डॉलरला, म्हणजे ५६०० पेक्षा फक्त तीस डॉलरनं महाग. पण त्याच्यामागून बोर्ड आणि रॅमची जी वरात येते, तिचा खर्च धरला की चित्र बदलतं.

त्यात २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकांच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे जुन्या संगणकात डीडीआर४ रॅमच्या चांगल्या कांड्या असतील तर त्या दुकानदाराला ‘एक्स्चेंज’मध्ये देऊ नका. त्या चालतील असाच बोर्ड मागा.

‘एएमडी घ्या, पुढे अपग्रेड करता येईल’ हा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो खोटा नाही. २०१७ च्या कित्येक एएम४ बोर्डवर बायोस बदलून २०२२ चा रायझन बसतो. इंटेलनं याच काळात तीन-चार सॉकेट बदलले. आठव्या पिढीला तर सॉकेटचं नाव तेच ठेवून जुने बोर्ड बाद केले. एएमडीनं एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं सांगितलं आहे. पण मला सांगा, तुमच्या ओळखीत किती जणांनी फक्त प्रोसेसर काढून नवा बसवला? गेमर मुलं सोडली तर दुकानदार, शिक्षक, डॉक्टर यांच्यापैकी एकही मला आठवत नाही. ते संगणक मरेपर्यंत वापरतात. अपग्रेडच्या आशेवर आज पाच-सहा हजार जास्त मोजायचे की नाही, ते स्वतःचा स्वभाव बघून ठरवा.

एका अक्षराची फजिती

आता स्वतःची गोष्ट. २०२१ मध्ये, नोकरीच्या पहिल्या पगारांतून मी संगणक जुळवला. प्रोसेसर आय५-१०४००एफ. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, एफ घ्या, स्वस्त पडतो, ग्राफिक्स कार्ड नंतर टाकू.’ इंटेलच्या नावातला ‘एफ’ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की त्या वर्षी जगभर चिपचा तुटवडा होता, क्रिप्टोवाले कार्डं गोळा करत होते आणि साधं कार्डसुद्धा दुप्पट भावाला मिळत नव्हतं. दीड महिना माझा नवाकोरा संगणक टेबलावर होता. पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पडद्यावर मात्र अंधार. इंजिनीअरिंगची पदवी भिंतीवर आणि खाली हा प्रकार. आई येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायची, ‘हिचा कॉम्प्युटर चालू आहे, फक्त दिसत नाही.’

एएमडीत उलटी खूण होती. ५००० मालिकेपर्यंत नावात ‘जी’ असेल तरच ग्राफिक्स, जसं ५६००जी. ७००० पासून बहुतेक डेस्कटॉप रायझनमध्ये थोडंफार ग्राफिक्स आलं आणि नसेल तिथं ‘एफ’ लागलं. कार्ड वेगळं घेणार नसाल तर कोटेशनवर हे अक्षर आधी शोधा.

नावांतली आणखी एक चलाखी सांगते. आय३-१४१०० हा १२१०० पेक्षा दोन पिढ्या पुढचा दिसतो. कोअर चारच, रचनाही तीच, ठोक्यांचा वेग थोडा वाढवलेला. भावात मोठा फरक असेल तर जुनाच घ्या.

मे महिन्यातलं सोलापूर

परदेशी चाचण्या वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि संगणक बहुधा पत्र्याखालच्या गाळ्यात असतो. पंख्याचा साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली पंधरा अंशांनी तापली की तेवढ्याच कामाला प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. मर्यादा गाठली की (इंटेलच्या बहुतेक चिपला १०० अंश, रायझन ७००० च्या बहुतेक चिपला ९५) तो स्वतःहून वेग कमी करतो. म्हणजे पैसे दिले एका वेगाचे आणि उन्हाळ्यात मिळाला दुसराच.

म्हणून खोक्यावरचा वॅटचा आकडा नीट समजून घ्या. आय५-१२४०० वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, जोर लावला की तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. एएमडीचे ६५ वॅटवाले प्रोसेसर ८८ पर्यंत. आय९-१४९००के १२५ चा म्हणवतो आणि २५३ पर्यंत जातो. समजा एखाद्या प्रोसेसरनं रोज आठ तास पूर्ण जोरात चालताना दीडशे वॅट जास्त खाल्ले, तर महिन्याच्या सव्वीस दिवसांत ३१ युनिट होतात. दहा रुपये युनिट धरा, तीनशे रुपये झाले. ते परवडतील एक वेळ, पण ती सगळी उष्णता त्याच गाळ्यात राहते. आणि वीज गेल्यावर ६०० व्हीएच्या यूपीएसवर असा संगणक फाइल सेव्ह करण्यापुरता तरी टिकेल का, हेही बघावं लागतं.

दोघांच्याही चुका

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरच्या गटातले प्रोसेसर कारण नसताना बंद पडतात, या तक्रारींवर जुलै २०२४ मध्ये कंपनीनंच मान्य केलं की मायक्रोकोडमधल्या दोषामुळे ते गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टपासून दुरुस्तीचे अपडेट आले, बाधित मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटनं बरी होत नाही. म्हणून ‘थोडाच वापरलाय’ म्हणून कुणी आय७-१३७००के किंवा आय९-१४९००के स्वस्तात देत असेल, तर चार वेळा विचार करा. बारावी पिढी या भानगडीत नाही.

एएमडीचे भक्त लगेच टाळ्या वाजवतील, म्हणून सांगते. एप्रिल २०२३ मध्ये काही बोर्डवर रायझन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर जास्त व्होल्टेजनं जळाले होते. तिथंही बायोस अपडेट करून व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा घालावी लागली. थोडक्यात, कुठलाही संगणक घ्या, देताना बायोस अपडेट करून द्या असं सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

मामानं काय घेतलं?

बावीस हजारवाला आय७ बाद झाला. त्याला पक्कं बिलही नव्हतं. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे आणि मामाची नोंदणी आहे. पक्क्या बिलावर तो कर वजावटीत मिळतो, म्हणजे स्वस्त-महागाचं अंतर तिथंच कमी झालं.

दुसऱ्या दुकानातला ‘रायझन ५’ निघाला ५६००जी. मी तिथंच आय५-१२४०० चं, एफ नसलेलं, कोटेशन मागितलं. बाराशे रुपये जास्त. जॅकार्डच्या नकाशांना दोन्ही सारखेच पुरेसे. खरं तर थोडा कल माझा इंटेलकडे होता, एका कोअरचं काम तो जरा चपळ करतो.

मग दुकानदाराला विचारलं, डबा सीलबंद आहे ना? रायझन डब्यात होता, कूलरसकट, तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी. इंटेल ‘ट्रे’ होता, म्हणजे सुटा. सुट्या प्रोसेसरची जबाबदारी कंपनी थेट आपल्यावर घेत नाही, ती विकणाऱ्याची. दुकानदार म्हणाला, ‘एक वर्ष मी बघतो ना, ताई.’ माणूस चांगला वाटला. पण त्याच्याकडे नाही जमलं तर पुढचा रस्ता पुण्याचा, अडीचशे किलोमीटर.

मामानं रायझन घेतला. तीन आठवडे झाले, फाइल उघडेपर्यंत चहा होत नाही अशी त्याची नवी तक्रार आहे. बिलावर मात्र दुकानदारानं पुन्हा ‘एएमडी पीसी’ एवढंच लिहिलं होतं. मामानं ते परत नेऊन मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर घालून घेतला.